पहिली मूठ

ज्या सकाळी मी जालना सोडलं, त्या सकाळी आमच्या अंगणात माणसांपेक्षा बाटल्या जास्त होत्या. पाण्याच्या, औषधाच्या, एक तर खोबरेल तेलाची, अजून वास मारणारी. सगळ्या रिकाम्या. मी इस्रायलला चाललेय म्हटल्यावर वस्तीतली एकेक बाई यायची, डोळे पुसायची आणि "यार्देन नदीचं पाणी आण गं मार्था, प्रभूचा बाप्तिस्मा झाला तिथलं" म्हणत माझ्या बॅगेत बाटली कोंबायची. मी तिकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला, नोकरीला चाललेय, यात्रेला नाही, हे दोघी-तिघींना सांगून पाहिलं. मग नाद सोडला. शेजारच्या सुजातामावशी बौद्ध, पण त्यांनीही बाटली आणली. आमच्या चर्चचे पाळकसाहेब बघतच राहिले, तर मावशी म्हणाल्या, "पाणी काय जात इचारून राह्यलं का साहेब? माझे गुडघे दुखून राह्यले. ते बराबर झाले म्हंजी बास."

पाळकसाहेबांनी प्रार्थना चांगली लांबवली. ही आमची लेक तुझ्या स्वतःच्या भूमीत चालली आहे, असं ते देवाला पुन्हा पुन्हा सांगत होते. माझा धाकटा भाऊ दानिएल, म्हणजे आमचा दान्या, मित्राचा टेम्पो चालू ठेवूनच उभा होता. बंद पडला तर धक्का मारावा लागेल, म्हणून प्रार्थनेतही त्याचा एक डोळा टेम्पोवर होता. आमेन झालं तसं आईने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "तुझी मला बिलकुल काळजी न्हाई. तू प्रभूच्या गावाला चालली. काळजी हाय ती ह्या दान्याची. हा रोज मिलमधी भट्टीपुढं उभा राह्यतो."

सगळ्या चुकीची सुरुवात इथे झाली, आणि ही चूक फक्त आमच्याच वस्तीत होऊ शकते. बाकीचे लोक परदेशी जाण्याआधी बातम्या बघतात, कोणाला तरी विचारतात. आम्ही कशाला विचारू? रविवारच्या शाळेत त्या गावांची नावं पाठ केलेली. नासरेथ, बेथलेहेम, यरीहो मला भोकरदन आणि घनसावंगीइतकी ओळखीची. जिथे प्रभू स्वतः चालला-फिरला, तिथे आपल्याला काय होणार आहे? मी नर्सिंग शिकलेली, दवाखान्यात नोकरी केलेली, पण मीही हेच समजत होते. टेम्पो एमआयडीसीच्या रस्त्याला लागला, पाळी सुटलेले कामगार मोटारसायकलींवर तिघं-तिघं बसून चालले होते, आणि मला त्या मागे राहिलेल्यांची कीव येत होती. बॅगेत बाटल्या खुळखुळत होत्या.

आमचं घर मूळचं पिंपळगाव रेणुकाईजवळच्या एका खेड्यातलं. वडील लोखंडी सळयांच्या रोलिंग मिलमध्ये लागले तेव्हा आई मला काखेत आणि एक पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन जालन्याला आली. तो डबा मुठीचा. आमच्यात पीठ मळायला घेण्याआधी त्यातलं मूठभर पीठ वेगळं काढतात. भात असेल तर मूठभर तांदूळ. रविवारी सगळ्या घरांतली मूठ चर्चमध्ये एका परातीत रिकामी होते आणि ज्याच्या घरी अडचण असेल त्याच्याकडे जाते. वडील गेले त्या वर्षी ती परात आमच्याकडेही आली होती. ज्वारी, बाजरी, गहू सगळं मिसळलेलं पीठ, त्याची भाकरी धड थापता यायची नाही. आई दिवसभर बियाण्याच्या कारखान्यात बी निवडायची, घरी येऊन त्या फुटक्या भाकरी भाजायची, आणि त्या पिठातूनसुद्धा आधी मूठ काढायची. आलेल्यातलंच परत कशाला द्यायचं, म्हणून मी चिडायचे. "आधी मूठ, मंग पोट," एवढंच ती म्हणायची. नाव मार्था ठेवलं, मग मी शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या मार्थेसारखीच निघाले. कामाला वाघ, आणि कुरकुर त्याहून मोठी.

तिकडे गेल्यावर मला सांभाळायला मिळालेली आजी मराठी निघाली, हे वस्तीत कोणाला अजून खरं वाटत नाही. एस्तेरआजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. रेवदंड्याकडच्या. तरुणपणी बापाबरोबर तिकडे गेल्या, आयुष्यभर हिब्रू बोलल्या, आणि म्हातारपणी विसरायला लागल्या तेव्हा आधी हिब्रू गेली. तळाशी राहिलेली मराठी वर आली. त्यांच्या लेकीला, मिरियमला, आई काय बोलते ते कळेना, म्हणून तिने एजन्सीकडे मराठी बोलणारी बाई मागितली. समुद्राकाठचं शहर, जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसरा मजला. मी तिथे राहायला गेले.

नवे शब्द तोंडात बसले. मी आता मेतापेलेत होते, म्हणजे सांभाळणारी. आई म्हणजे ईमा. शनिवार म्हणजे शब्बात, आणि शब्बातला चूल पेटवायची नाही. आईने दिलेलं ज्वारीचं पीठ संपलं तेव्हा वांग्याची भाजी पिटाबरोबर खाऊ लागले. पिटा म्हणजे फुगलेली पोळी, पण चव मुकी. तळघरातल्या जाड भिंतींच्या खोलीला मिक्लात म्हणतात, हेही शिकले. हल्ला झाला की लपायची ती जागा. मला ती आपल्याकडच्या माळ्यासारखी वाटली. कोणाच्या सायकली, कोणाचे पाळणे, कोणाचा मोडका पंखा.

भात लावताना माझा हात आपोआप मूठभर तांदूळ बाजूला काढायचा. कॉफीचा रिकामा डबा घेतला त्यासाठी. तिकडे रविवार कामाचा, चर्च लांब, मूठ द्यायची कोणाला हाही प्रश्नच. तरी काढत राहिले. एक दिवस आजी ओट्याशी टेकून बघत होत्या. म्हणाल्या, "काय गो, तुझ्यातपण काढतात?" मग त्यांनी सांगितलं, त्यांच्यातही भाकरी-पावाच्या पिठातला एक गोळा आधी काढून चुलीत टाकतात. देवाचा वाटा. सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नव्हतं, पण रेवदंड्याच्या चुलीतल्या जळक्या गोळ्याचा वास आठवत होता. त्या दिवसापासून मी तांदूळ मोजायला घेतले की त्या हात पुढे करायच्या, आणि मूठ त्याच काढायच्या.

मी देवाच्या गावाला आले म्हणून आमची वस्ती किती खूश आहे, हे एकदा त्यांना सांगितलं. त्या ठसका लागेपर्यंत हसल्या. "आमच्या बापानेपण हेच सांगून आणलं गो. बोटीत बसलो, म्हटलं, आता यरुशलेम. ट्रकमधून नेलं आणि वाळूत सोडलं. नुसते तंबू. मी विचारलं, बाबा, देव कुठे आहे? बाप म्हणाला, आधी तंबू ठोकूया." मीही हसले. मला तेव्हा ते फक्त गमतीचं वाटलं.

मग लढाई सुरू झाली. कोणी सुरू केली, कोणाचं बरोबर, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी भोंगा सांगते. त्याला तिकडे अझाका म्हणतात. तो वाजला की मिनिटभराच्या आत खाली पोचायचं. पहिल्यांदा वाजला तेव्हा शेजारच्या माणसाने आणि मी आजींना खुर्चीसकट जिन्यापर्यंत ओढलं, तेवढ्यात धमाका झालासुद्धा. पुढे आम्ही मिक्लातचा हट्टच सोडला. आत, जिन्याच्या वळणावर, एका पायरीवर दोघी बसायचो. ज्या बाजूने ती रॉकेटं येत होती आणि जिथे इकडून बाँब जात होते, तिथेही कोणी आजी कोणाला धरून बसली असेल, तिच्या डोक्यावर जिनासुद्धा उरला नसेल, हे मनातून जायचं नाही. तिच्यासाठी देवाकडे काय मागावं ते सुचायचं नाही. नुसतं 'तिलाही राख' म्हणायचे.

जालन्यात आईने टीव्हीसमोरून उठणं सोडलं. फोन आला की पहिला शब्द, "ये." दुसरा शब्द, "जल्दी ये." वस्तीने उपास धरला. पाळकसाहेबांचा फोन आला, बिचारे गोंधळले होते. त्यांनीच तर 'तुझ्या स्वतःच्या भूमीत' असं देवाला बजावलं होतं. एका बाईने विचारलं, तुझं शास्त्रवाचन नीट चालू आहे ना? जणू माझी प्रार्थना कमी पडली म्हणून आकाशातून लोखंड पडत होतं. मी फोन ठेवून दिला. राग त्या बाईचा नव्हता. राग ज्याचा होता त्याला तोंडावर सांगायचा धीर नव्हता, आणि रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेत त्याच्याशीच बोलत होते.

त्याच आठवड्यात दान्याच्या मिलमध्ये लाल झालेली सळई रुळातून उसळली आणि त्याच्या हाताला चाटून गेली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गेली. वीतभर इकडे असती तर पोटात गेली असती. आई टीव्हीवर माझं शहर बघत होती, आणि लेक घराजवळ मरता मरता वाचला. तो दवाखान्यातून मला म्हणाला, "ताई, आई आता कोणासाठी रडून राह्यली तेच समजंना." आम्ही दोघं हसलो. प्रभूचं गाव सुरक्षित नव्हतं, आणि आईचं गावही नव्हतं. मग उरलं काय?

एजन्सीचा निरोप आला. ज्यांना घरी जायचंय त्यांच्यासाठी विमानात जागा आहे, संध्याकाळपर्यंत कळवा. मिरियम दुसऱ्या शहरात, रस्ते बंद. ती फोनवर म्हणाली, तू जा, मी तुला दोष देणार नाही, काहीतरी करेन. काय करणार होती, ते तिलाही माहीत नव्हतं. मी बॅग भरली. बाटल्या तशाच रिकाम्या होत्या, त्या आधी आत गेल्या.

म्हटलं, निदान आजींना न्हाऊ घालून जाऊ. दुपार होती. आजी न्हाणीघरात प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्याला साबण, आणि अझाका झाली. जिन्यावर पावलांचा धडधडाट. कोणीतरी आमच्या दारावर थापा मारून ओरडलं, "बोई! बोई!" म्हणजे ये, ये. आजी एकदम खूश. "गिरणीचा भोंगा झाला गो. बाबांचा डबा भर." लहानपणी त्या मुंबईत गिरणीजवळच्या चाळीत राहिल्या होत्या, तो भोंगा. मी त्यांना उठवायला गेले तर ओल्या अंगावरून हात निसटला. त्यांनी माझं मनगट धरलं. साबणाचा हात, झटकला असता तर सुटला असता. मला पळायचं होतं. दान्या, आई, विमानातली ती जागा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आणि समोर ही नागडी, फेसाळलेली म्हातारी, बापाच्या डब्याची काळजी करणारी.

मी टॉवेल ओढला, त्यांच्याभोवती गुंडाळला, त्यांना खाली घेतलं आणि आतल्या भिंतीला पाठ लावून फरशीवर बसले. त्यांचं डोकं माझ्या छातीशी. प्रार्थना करायला तोंड उघडलं तर एकच वाक्य आलं, "तुझ्याच गावात?" बाकी काही नाही. तेवढ्यात आजींनी ओला हात स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला आणि बोलू लागल्या. हिब्रूत. मुलीशी बोलायला ज्यांच्याकडे एक शब्द उरला नव्हता, त्यांनी लहानपणी पाठ केलेली प्रार्थना अख्खी म्हटली. मला अर्थ कळत नव्हता. मी माझ्या मराठीत मेंढपाळाचं स्तोत्र म्हणायला लागले, जे आई दळताना म्हणायची. ते तर ज्यू आणि ख्रिस्ती, आम्हा दोघींच्याही शास्त्रातलं. मग धमाका झाला. खिडक्या हलल्या, स्वयंपाकघरात काचा पडल्याचा आवाज आला, झरोक्यातून चुन्याची धूळ आमच्या अंगावर सांडली.

मला मोठं धैर्य आलं वगैरे काही नाही. पण त्या न्हाणीघरात प्रभू होता, हे मी आज तुम्हाला शपथेवर सांगते. यरुशलेमेतून उठून आला की आमच्या वस्तीतून, मला माहीत नाही. पण फरशीवर, साबणाच्या पाण्यात, तो आमच्याजवळ बसला होता, आणि धमाका जवळ पडला असता तरी तो तिथेच बसला असता, हे मला कळलं. माझा सगळा राग रडण्यात वाहून गेला. आजी म्हणाल्या, "रडतेस काय गो, डोक्यावरचा साबण काढ."

स्वयंपाकघरात मुठीचा डबा खाली पडून उघडला होता. तांदूळ सगळीकडे, आणि तांदळात काच. एकेक दाणा वेचून काही उपयोग नव्हता. झाडूने भरून कचऱ्यात टाकताना मला जितकं वाईट वाटलं तितकं खिडकीचंही वाटलं नाही. आईचा फोन आला. मी वाचल्याचं सांगायचं सोडून तांदळाचंच सांगत बसले. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मूठ काढली तव्हाच ती पोचली गं. डबा फुटू दे. जेवलीस का न्हाई?"

संध्याकाळी मी एजन्सीला कळवलं की येत नाही. आईलाही सांगितलं. तिने फोन कापला. त्यानंतर ती दान्याचा हात, कपाशीचं बी, सुजातामावशीचे गुडघे, सगळं बोलायची. पण "ये" म्हणाली नाही, आणि "राह्य" तर नाहीच नाही.

आता जरा शांतता आहे. किती दिवसांची, देव जाणे. मी सुट्टीवर जालन्याला आले आहे, आणि हे आमच्या ओसरीत बसून लिहिते आहे. वस्तीत राहिलेल्यांसाठी लिहिते, आणि माझ्यासारखे पुणे, दुबई, दोहा कुठे कुठे पांगलेत त्यांच्यासाठीही. यार्देनेपर्यंत जाता आलंच नाही, बाटल्या रिकाम्या परत आणल्या. बायांचे चेहरे उतरले. सुजातामावशी म्हणाल्या, "जिती आलीस, बास झालं. गुडघे हायेत तिथंच हायेत."

रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. तुमच्या उपासामुळे देवाने मला राखलं, एवढं बोलावं, अशी सगळ्यांची इच्छा. मी म्हणाले, राखलं, त्याचे उपकार. पण आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई दर शुक्रवारी दिवे लावून प्रार्थना करायची, ती त्या दुपारच्या धमाक्यात गेली. तिची प्रार्थना माझ्यापेक्षा कमी नव्हती. म्हणून माझ्या वाचण्याला मी सुरक्षितता म्हणणार नाही. मी मेले असते तरी ज्याच्या हातात होते त्याच्याच हातात असते, एवढंच मला आता ठाऊक आहे. चर्चमध्ये कोणी आमेन म्हणालं नाही. पाळकसाहेब पायाकडे बघत राहिले. आई माझ्याकडे बघत होती.

परवाचं तिकीट आहे. आठवडाभर आईने त्याचा विषय काढला नाही. माझे कपडे धुतले, वाळवले, पण बॅगेजवळ ठेवले नाहीत. मीही विचारलं नाही. भीती मला तिच्या 'जाऊ नको'ची होती, कारण तसं ती म्हणाली असती तर मी कदाचित गेले नसते.

आज सकाळी मिरियमचा फोन आला. आई पीठ मळायला बसली होती, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला. मिरियम माझ्याकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत विचारत होती, ईमा रोज तांदूळ डब्यात टाकते, बदली बाईला रागावते, आधी हे, आधी हे म्हणते. ते काय आहे? माझं नाव आजींना आठवत नाही, असंही ती म्हणाली. फक्त ते मूठभर तांदूळ आठवतात. मी तिला नीट समजावलं, डबा भरला की गल्लीत ज्याच्याकडे अडचण असेल त्याला दे म्हटलं. घर कुठे, असं कोणी विचारलं तर माझी जीभ अजून जालनाच म्हणते. पण फोन ठेवताना वाटलं, आपली मूठ जिथे आपल्या मागे निघत राहते, तेही घरच की.

आईने सगळं ऐकलं होतं. तिने परातीतल्या पिठातून मूठ काढून पत्र्याच्या डब्यात टाकली. मग दुसरी मूठ काढली. ही कशाला, म्हणून मी बघत राहिले. तिने ती एका स्वच्छ फडक्यात बांधली आणि माझ्यापुढे ठेवली. "हे त्या म्हातारीच्या डब्यात टाक."

मी काही बोलणार, तर ती परातीकडे बघतच म्हणाली, "तुलाबी मी त्या दिवशी अंगणातच काढून दिल्ती गं प्रभूच्या हातात. मीच येडी, परत मागून राह्यले व्हते."

आणि तिने हाताला पाणी लावून भाकरी थापायला घेतली.